टीचर्स क्लबात आत्या: डब्लिनच्या गे थिएटर फेस्टिव्हलमधली चार नाटकं

गेल्या मे महिन्यात माझी आत्या डब्लिनला आली तेव्हा तिला दोनच गोष्टी बघायच्या होत्या. समुद्र आणि नाटक. समुद्र हाउथला दाखवला. वाऱ्यानं तिच्या छत्रीची कढई करून टाकली आणि ती म्हणाली, ‘बघितला, चल.’ नाटकाचं तेवढं सोपं नव्हतं. मोठ्या थिएटरांची बरी तिकिटं चाळीस युरोच्या आसपास जातात, आणि आत्याचं एका नाटकानं भागत नाही. सांगलीची बाई. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं दिवाळीच्या पुढेमागे राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींत काढली. वय चौऱ्याहत्तर, एक गुडघा कुरकुरतो, कान मात्र शाबूत.

इथे मे महिन्यात दोन आठवडे इंटरनॅशनल डब्लिन गे थिएटर फेस्टिव्हल भरतो. २००४ मध्ये, ऑस्कर वाइल्डच्या जन्माला दीडशे वर्षं झाली त्या निमित्तानं, ब्रायन मेरिमन यांनी तो सुरू केला. मी आजवर चार वेळा गेलेय, आणि पहिल्यांदा गेले ते निव्वळ स्वस्त नाटक मिळतंय म्हणून. पुण्यात कॉलेजात असताना मी पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेत दोन वर्षं लाइट ऑपरेट केले होते. तासाभराची एकांकिका, मोजकं नेपथ्य, घड्याळाच्या काट्यावर सगळा खेळ, याची एकदा सवय लागली की तीन तासांचं नाटक जिवावर येतं. या फेस्टिव्हलची नाटकं तासाभराची असतात. तिकीट पंधरा-सोळा युरोच्या घरात. एका संध्याकाळी एकाच जागी दोन नाटकं होतात. साडेसातचं सुटलं की नऊच्याला जाऊन बसायचं.

गेल्या वर्षी आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी याची माहिती टाकली होती. दोन अंगठे आले, आणि एक प्रश्न आला: ‘फॅमिलीसोबत चालेल का?’ त्याचं उत्तर तेव्हा दिलं नव्हतं. आता देते, कारण मी आत्याला घेऊन गेले.

न्यावं का, यावर दोन दिवस घोळ घातला. शेवटी चहाच्या वेळी सांगून टाकलं की नाटकांचा महोत्सव आहे, समलिंगी लोकांच्या आयुष्यावरची नाटकं असतात, बरीचशी विनोदी असतात, एक-दोन रडवणारी असतात. आत्यानं बिस्कीट चहात बुडवलं आणि विचारलं, ‘कुठे आहे?’ म्हटलं, पार्नेल स्क्वेअरला, टीचर्स क्लबात. ‘शिक्षकांचा क्लब? मग आपलाच की. चल.’ आयरिश प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेचं कार्यालय शेजारच्याच दारात आहे, हे कळल्यावर तर तिनं ठेवणीतली साडीच काढली.

पार्नेल स्क्वेअर हा शहराच्या उत्तरेकडचा अठराव्या शतकातला चौक. लाल विटांची उंच घरं, अर्धवर्तुळाकार काचेचे दरवाजे. एका अंगाला रोटुंडा हे १७४५ पासूनचं बाळंतपणाचं हॉस्पिटल, त्याला लागूनच गेट थिएटर, आणि वरच्या टोकाला स्वातंत्र्यासाठी मेलेल्यांची स्मृतिबाग. चौक ज्याच्या नावाचा आहे त्या आयरिश पुढारी पार्नेलचं सगळं राजकारण १८९० मध्ये एका विवाहितेवरच्या प्रेमापायी मोडून पडलं. ते प्रेम रीतसर स्त्री-पुरुषाचंच होतं. तेव्हा प्रेमाच्या भानगडी या चौकाला नवीन नाहीत. टीचर्स क्लब त्यातल्याच एका जुन्या घरात आहे. बाहेरून बघितलं तर इथे नाटक असेल असं वाटणार नाही. रंगमंचाची चौकट नाही, मखमली पडदा नाही, तिसरी घंटाही नाही. एक स्वयंसेवक येतो, फोन बंद करा म्हणतो आणि दार लोटून घेतो.

दार लोटलं की लोटलं, हे नीट लक्षात ठेवा. खोल्या लहान, साठ-सत्तर खुर्च्या, आणि प्रवेशाचं दार प्रेक्षकांच्या नव्हे, नटांच्या अंगाला असतं कधीकधी. उशिरा आलेल्याला थेट प्रवेशात शिरावं लागेल. पहिल्या वर्षी मी चार मिनिटं उशिरा पोचले आणि सोळा युरोंचं दार बाहेरून बघत उभी राहिले. चूक माझीच होती. आसनक्रमांक नसतात, म्हणून वीस मिनिटं आधी जाऊन रांगेत उभं राहावं.

रांगेतच आत्याला पहिला मित्र मिळाला. थर्मास घेऊन आलेले एक सत्तरीपुढचे गृहस्थ. हातात कार्यक्रमपत्रिका, तिच्यावर पेनानं खुणा. ते दर वर्षी आठ नाटकं बघतात म्हणे. आत्यानं सरळ विचारलं, ‘पूर्वीपासून असं उघड चालायचं का इथे?’ ते म्हणाले, ‘१९९३ पर्यंत गुन्हा होता. त्या वर्षी मी एकेचाळीसचा होतो.’ मी आत्याला मराठीत सांगितलं की आपलं ३७७ कलम १८६० च्या दंडसंहितेतलं, आणि यांचा कायदा १८६१ चा. एकाच साहेबानं वर्षभराच्या अंतरानं लिहिलेला. यांचा त्र्याण्णवला गेला, आपलं ते कलम २०१८ च्या सप्टेंबरात मोडलं. त्याआधीच, २०१५ मध्ये, इथे समलिंगी लग्नाच्या हक्कावर देशभर मतदान झालं आणि बासष्ट टक्के लोक हो म्हणाले. ते गृहस्थ एवढ्यात नव्या उत्साहानं आत्याकडे वळले. ‘तुमच्याकडचाच एक माणूस आमचा पंतप्रधान होता!’ आत्या म्हणाली, ‘वराडकर ना? मालवणचे.’ लिओ वराडकर, वडिलांचं गाव सिंधुदुर्गातलं वराड. २०१५ च्या जानेवारीत रेडिओवर बसून आपण समलिंगी असल्याचं त्यांनी सांगून टाकलं आणि २०१७ मध्ये पंतप्रधान झाले. आत्याला यातला पंतप्रधानकीचा भाग पाठ होता. रेडिओचा भाग पेपरात बारीक छापला असावा.

आता नाटकं. नावं मुद्दाम देत नाही. एक नाटक पाच-सहा दिवस लागतं, मग मंडळी पेट्या भरून पुढच्या गावी जातात, आणि पुढच्या मेमध्ये सगळी यादीच वेगळी असते. कुठल्या तऱ्हेचं निवडावं एवढं मात्र सांगता येईल.

पहिलं इथलंच, आयरिश, अस्सल विनोदी. खेड्यातल्या फुटबॉल क्लबातले दोन गडी सामन्यासाठी परगावी गेलेत आणि क्लबाच्या चिक्कू खजिनदारानं दोघांत एकच खोली घेतलीय. त्यात एकच पलंग. बाकी कथानक तुम्ही ओळखलंत तसंच. पण संवाद असे लखलखीत की खुर्च्या हलत होत्या. उच्चार अस्सल ग्रामीण. अर्धी वाक्यं मला पकडता येईनात, आणि मी इथे अकरा वर्षं राहतेय. शेवटाकडे एक जण रात्री दोन वाजता आईला फोन करतो आणि अडखळत अडखळत सांगतो की आई, मी असा आहे. पलीकडे लांबलचक शांतता. मग आई विचारते, ‘निघताना इमर्शन बंद केलं होतंस ना?’

सगळं सभागृह कोसळलं. मला क्षणभर कळेना. इमर्शन म्हणजे इथल्या जुन्या घरांतला पाणी तापवायचा हीटर. तो चालू राहिला तर बिल येईल ही प्रत्येक आयरिश आईची भीती. आत्या मात्र सगळ्यांबरोबर हसत होती, डोळ्यांतून पाणी काढून. ‘अगं, गीझर! तुझी आजी हेच म्हणाली असती.’ मग थोडं थांबून, ‘आणि म्हणजे तिनं ऐकून घेतलं बरं का. नाहीतर फोन आपटला असता.’ भाषांतराची गरज तिला नव्हती, मलाच होती.

अभिनय दोघांचाही बिनतक्रार, टायमिंग चोख. एकच खोट. हशा संपायच्या आत पुढचं वाक्य टाकत होते, त्यामुळे निदान तीन विनोद वाया गेले. आत्याचं म्हणणं, ही तालीम रिकाम्या खोलीत झालीय.

मधल्या अर्ध्या तासात मी खालच्या बारमध्ये गेले नाही. मागच्या ओळीत बसून बदलाबदल बघत राहिले. पलंग बाहेर, एक खुर्ची आणि टेबल आत, लाइटवाली मुलगी शिडीवर चढून एका दिव्याचं तोंड फिरवतेय, बाकी दिवे दोन्ही नाटकांना तेच. कोणी कोणावर ओरडत नव्हतं. पुरुषोत्तमला सेट लावताना आम्ही एकमेकांना ज्या शिव्या दिल्या त्या आठवून उगाच शरम वाटली. हा फेस्टिव्हल बराचसा स्वयंसेवकांच्या जिवावर चालतो. तिकीट फाडणारा, खुर्च्या मांडणारा, ‘वर उजवीकडे’ असं सांगणारा, सगळे दिवसभर दुसरीकडे कुठेतरी नोकरी करून आलेले. आत्यानं तिकीट फाडणाऱ्याला विचारलं, तर तो दिवसा दाताचा डॉक्टर निघाला.

नऊचं नाटक परदेशी होतं, दोन पात्रांचं, आणि मी ज्याला भाषण म्हणते त्या जातीचं. दोघं जण समोरासमोर उभे राहून एकमेकांना अशा गोष्टी सांगत होते ज्या दोघांनाही आधीच ठाऊक होत्या. मुद्दे सगळे खरे, नाटक मात्र कुठेच नाही. त्यात दिव्यांचा धुडगूस. राग आला की लाल, दुःख झालं की निळा. असलं मी दुसऱ्या वर्षाला केलं होतं आणि सरांनी भर तालमीत डिमरवरून हात काढायला लावला होता. आत्या बाविसाव्या मिनिटाला झोपली. घोरली नाही, तेवढी शिस्त आहे. बाहेर पडल्यावर म्हणाली, ‘प्रचाराचं नाटक कुठल्याही बाजूचं असो, झोप तीच.’

एकंदर अनुभव असा की या फेस्टिव्हलमध्ये विनोदी नाटकं डोळे मिटून घ्यावीत, एकपात्री चौकशी करून घ्यावीत, आणि पत्रकात ‘अत्यंत महत्त्वाचं’ असं लिहिलं असेल तर दुसऱ्या कोणाला आधी जाऊ द्यावं. आठवड्याच्या सुरुवातीला जाणारे थर्माससाहेबांसारखे दर्दी असतात. बुधवारपर्यंत त्यांच्याकडून कळतं कुठलं खरं आहे ते.

त्या रात्री बसस्टॉपकडे जाताना गेट थिएटरवरून गेलो. मी आत्याला मिहाल मॅक लियामोरची गोष्ट सांगितली, कारण फेस्टिव्हलच्या एका पारितोषिकाला त्याचं नाव आहे. उत्तम पुरुष भूमिकेचं पारितोषिक त्याच्या नावाचं, स्त्री भूमिकेचं कवयित्री ईवा गोअर-बूथच्या नावाचं, लेखनाचं अर्थात वाइल्डचं. मॅक लियामोर आणि हिल्टन एडवर्ड्स या जोडप्यानं १९२८ मध्ये गेटची स्थापना केली. पुढे सगळा जन्म एकत्र काढला, सगळ्या गावाला माहीत असताना, कायद्यानं गुन्हा असताना. १९७८ मध्ये मॅक लियामोर गेला तेव्हा खुद्द राष्ट्राध्यक्ष अंत्यविधीला आले होते. आणि गंमत ही की हा अख्ख्या आयर्लंडचा लाडका नट मुळी आयरिश नव्हताच. लंडनमध्ये जन्मलेला आल्फ्रेड विलमोर. त्यानं स्वतःला कॉर्कचा म्हणून सांगितलं, आयरिश भाषा शिकला, नावाचं आयरिश रूप केलं आणि मरेपर्यंत तेच वठवलं. आत्या रस्त्यात थांबली. ‘म्हणजे प्रयोग कधी संपवलाच नाही त्यानं.’ मग म्हणाली, ‘आणि जे खरं लपवायला हवं होतं ते उघडच ठेवलं. हुशार माणूस.’

दुसऱ्या दिवशी दुपारी मेरियन स्क्वेअरला वाइल्डचा पुतळाही बघून घेतला. वेगवेगळ्या रंगांच्या दगडांचा, हिरवं जाकीट, मोठ्या खडकावर तिरपा पहुडलेला, रस्त्यापलीकडे त्याचं लहानपणीचं घर. ‘मारुतीच्या पारावर बसल्यासारखा बसलाय,’ आत्या म्हणाली, आणि फोटोत त्याच्यासारखीच तिरकी उभी राहिली.

तिसरं नाटक शुक्रवारी. जागा दुसरी होती, तिचं नाव सांगत नाही, कारण तक्रार करायची आहे. जिना खडा, लिफ्ट नाही, आणि कठडा एकाच बाजूला, तोही आत्याच्या चुकीच्या गुडघ्याच्या बाजूला. मधल्या पायरीवर ती थांबली तेव्हा एका स्वयंसेविकेनं न सांगता खुर्ची आणून ठेवली आणि ‘तुम्ही बसल्याशिवाय सुरू करणार नाही’ असं सांगून वर गेली. खरंच केलं नाही. तरी ज्यांना जिना जमत नाही त्यांनी तिकीट काढायच्या आधी जागेची चौकशी करावी. जुन्या डब्लिनमध्ये ‘वरच्या मजल्यावर’ याचा अर्थ तिसरा मजलाही निघतो.

नाटक एकपात्री. साठीची नटी, एक खुर्ची, एक चहाचा कप. दोन बायकांची गोष्ट. दोघींनी मिळून तीस वर्षं एका लहान गावात बेकरी चालवली. वरच्या खोलीत राहिल्या. गाव त्यांना ‘बेकरीवाल्या बहिणी’ म्हणायचं आणि त्यांनी कधी दुरुस्ती केली नाही. एक वारते. अंत्यविधीनंतर तिसऱ्या दिवशी तिचे पुतणे गाडी घेऊन येतात, कारण कागदावर घर तिचं आणि वारस ते. सामान उचलायला लागतात. उरलेली बाई खुर्चीत बसून एकेक वस्तू जाताना बघते. काय काय नेलं याची नुसती यादी. मोठं कपाट नेलं. आरसा नेला. कणकेचं परातीएवढं भांडं नेलं, ज्याचा त्यांना काही उपयोग नव्हता.

नटी एकदाही रडली नाही. दिवा एकच, वरून, पिवळट, आणि तासाभरात तो इतक्या हळू उतरवला की मला शेवटी कळलं. सबंध फेस्टिव्हलमधलं हे सर्वांत चांगलं लाइटचं काम, आणि मी सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येणार नाही. टाळ्या उशिरा सुरू झाल्या. आधी खुर्च्यांचे आवाज आले, मग टाळ्या.

आत्या काही बोलेना. मला वाटलं तिला आवडलं नाही. बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली (तिला तीच लागते). ओ’कॉनेल पूल ओलांडल्यावर ती म्हणाली, ‘कपाट चुकलं.’

कसलं कपाट?

‘अगं, बाकी सगळ्या वस्तूंचं तिनं सांगितलं, हे कधी घेतलं, ते कोणी दिलं. कपाटाचं नाही. एवढं मोठं कपाट, ते कोणी घेतलं होतं? ह्या बाईनं घेतलं असेल तर ते नेताना वेगळं लागतं. तो प्रसंग लिहायचा राहिलाय.’

मग बराच वेळ बाहेर बघत होती. पुढे जे सांगितलं ते मी तिच्या परवानगीनं लिहितेय. आत्याच्या शाळेत शिवणाच्या बाई आणि पीटीच्या बाई अशा दोघी होत्या. गावभागात एका वाड्यात दोन खोल्या घेऊन राहायच्या. दोघींचं लग्न झालेलं नव्हतं. लोक म्हणायचे, बिचाऱ्या, एकमेकींना आधार. शिवणाच्या बाई आधी गेल्या. दहाव्याला भाचे आले आणि शिलाई मशीन घेऊन गेले, बाईंची आठवण म्हणून. ‘ते मशीन पीटीच्या बाईंनी घेतलं होतं. सोसायटीचं कर्ज काढून. अर्जावर जामीन म्हणून माझी सही होती, म्हणून मला माहीत.’ मी विचारलं, मग तू बोलली नाहीस? ‘काय बोलणार? कोण लागते म्हणून सांगणार?’

आमचा स्टॉप आला.

मराठीत अशी नाटकं नाहीत असं मुळीच नाही, आणि हे आत्यानंच मला सुनावलं. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ चं. इथला फेस्टिव्हल सुरू व्हायच्या तेवीस वर्षं आधीचं. मुंबईत रोहिणी हट्टंगडींनी त्यातली, मुलीवर प्रेम करणारी सुमित्रा केली होती. ‘आमच्या ग्रुपात त्याचं वाचन झालं. सुमित्रा करायला कोणी तयार होईना. मी तयार होते, तुझे काका नव्हते.’ हे तिनं भाजी निवडताना, मेथीची मुळं उडवता उडवता सांगितलं. चाळीस वर्षांहून जुनी गोष्ट, आणि आमच्या घरात हे कोणालाच माहीत नव्हतं.

शनिवारी शेवटचं, रात्रीचं. हे नाटक नव्हे. गाणी, गप्पा आणि विनोद, साथीला एक पियानोवाला, आणि मधोमध एक सहा फुटी ड्रॅग कलाकार, म्हणजे भडक बायकी वेशात रंगमंचावर येणारा पुरुष. पिवळाधमक पायघोळ झगा, उंच टाचा, डोक्यावर केसांचा मनोरा. इथे या प्रकाराला मान आहे. २०१४ मध्ये पँटी ब्लिस या ड्रॅग कलाकारानं अॅबी या इथल्या राष्ट्रीय थिएटरच्या रंगमंचावर प्रयोगानंतर उभं राहून दहा मिनिटं भाषण केलं होतं. रस्त्यातून चालताना आपण स्वतःला कसं तपासत राहतो, आवाज जास्त नाजूक तर होत नाही ना, असं सगळं. ते देशभर ऐकलं गेलं, लग्नाच्या मतदानाच्या आदल्या वर्षी.

धोक्याची सूचना: असल्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसू नये. आम्ही बसलो, कारण पाय लांब करता येतात. तिसऱ्या गाण्यानंतर त्या बाईसाहेबांनी (स्टेजवर असेपर्यंत बाईसाहेबच म्हणायचं, हा नियम) आत्याची साडी हेरली. कुठून आलात? ‘सांगली.’ काय प्रसिद्ध तिथलं? आत्या क्षणाचाही विलंब न लावता इंग्रजीत म्हणाली, ‘हळद. आणि नाटक.’ बाईसाहेबांनी आपल्या झग्याकडे बघितलं, आत्याकडे बघितलं. ‘म्हणजे मी नेमकी दोन्ही अंगाला लावून आलेय!’ त्या रात्रीचा सर्वांत मोठा हशा तो. आणि हा ठरवून लिहिलेला नव्हता.

बाकी विनोद मात्र एकसारखे नव्हते. पहिला अर्धा तास धारदार, घरमालकांवर, पावसावर, लग्न आता कायदेशीर झाल्यामुळे आईनं स्थळं बघायला सुरुवात केली यावर. नंतरचा भाग कंबरेखाली उतरला आणि तिथेच रेंगाळला. आत्याला निम्मं कळलं नाही, उरलेल्या निम्म्याला तिनं साडीच्या निऱ्या नीट केल्या. ग्रुपवरच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. वडीलधाऱ्यांना खुशाल न्या, तासभर नाटकाचं न्या, रात्रीच्या कॅबरेला नेण्याआधी त्यांचा अंदाज घ्या. लहान मुलांना नको. नाटकाच्या माहितीत वयाची सूचना दिलेली असेल तर ती वाचा.

कार्यक्रम संपल्यावर ते कलाकार दाराशी उभे होते. आत्यानं त्यांचा हात धरला आणि डोळ्यांच्या रेघेकडे बोट करून विचारलं, ही रेघ एवढी सरळ कशी येते. दोन मिनिटं त्यावर तांत्रिक चर्चा झाली. मग तिनं त्यांना बालगंधर्वांबद्दल सांगितलं. नागठाणं आमच्याच जिल्ह्यातलं, आणि बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला शिकायच्या. त्यांनी फोन काढून फोटो शोधला, चष्मा लावला, आणि बराच वेळ बघत राहिले. ‘हे पुरुष आहेत?’ आत्या म्हणाली, ‘स्टेजवर नाही.’

खाण्याचं थोडक्यात. आत काही मिळेल या आशेवर जाऊ नका. पार्नेल स्ट्रीटवर कोरियन-चिनी खानावळींची रांग आहे, साडेसहाला जेवून घ्यावं. खोल्यांत उकडतं, बाहेर मे महिन्यातही स्वेटर लागतो, म्हणजे काढता-घालता येईल असं काहीतरी न्यावं. मध्यंतर नसतो. मला एका गोष्टीची मात्र फार चुकचुक लागली. पुरुषोत्तमला ओरडतात तसं प्रयोगाला आलेला एकही माणूस ‘आवाज कुणाचा’ म्हणून ओरडत नाही. टाळ्या वाजवतात, उभे राहतात, पण ते वेगळं.

आत्या परत गेल्यावर पाहुण्यांच्या खोलीत तिची छोटी वही सापडली. औषधांच्या वेळा, विमानाचा नंबर, आणि शेवटच्या पानावर परीक्षकासारखे रकाने आखलेले. लेखन, अभिनय, नेपथ्य, पाठांतर, एकूण. फुटबॉलवाल्यांना ७६. समोर ‘हशा पिकू द्या’. दुसऱ्या नाटकापुढे ३५, आणि ‘झोपेमुळे अंदाजे’. बाईसाहेबांना ७०, त्यातले १० रेघेचे.

बेकरीला ८८. पाठांतरात पैकीच्या पैकी. खाली पेन्सिलीनं दोनदा अधोरेखित: ‘कपाट कोणाचं?’